जुन्या फियाटचा आतला संसार

घराच्या मागल्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली, ताडपत्रीने झाकलेली एक गाडी उभी असते. आजोबा गेले तेव्हापासून तिला कुणी हात लावलेला नसतो. दर दिवाळीच्या साफसफाईत विषय निघतो, ‘या वर्षी भंगारात देऊन टाकू या,’ आणि दर दिवाळीला आजी म्हणतात, ‘माझ्यामागे काय करायचे ते करा.’ अशी घरे कोल्हापुरात आहेत, नागपुरात आहेत, इंदूर-बडोद्याच्या मराठी वस्तीतही आहेत. आणि ताडपत्रीखालची ती गाडी बहुतेक वेळा फियाटच असते.

मग एखाद्या वर्षी नातू मनावर घेतो. इंजिन खोलले जाते. भंगारातल्या दुसऱ्या गाडीचे दरवाजे आणून बसवले जातात. डेंटिंग-पेंटिंग होते आणि अंगणात पुन्हा एकदा चकचकीत फियाट उभी राहते. पण दार उघडले की आत काय? उघडा पत्रा, लोंबणाऱ्या तारा, स्प्रिंगा वर आलेली सीट आणि उंदरांनी कुरतडलेला काथ्या.

खरी परीक्षा इथून पुढे सुरू होते. इंजिनाच्या कामात घरातले कुणी नाक खुपसत नाही. आतल्या कामात मात्र प्रत्येकाला मत असते. नातवाला पुढे दोन वेगवेगळ्या, शर्यतीच्या मोटारीसारख्या सीट हव्या असतात. सूनबाईंना मुलांची काळजी. आजींना मात्र पुढची ती जुनी, एका सलग बाकासारखी सीटच हवी असते, कारण आजोबांच्या शेजारी त्याच सीटवर बसून त्यांनी पंढरपूर, महाबळेश्वर आणि गणपतीपुळे केलेले असते.

वरवर हा रंगाचा आणि कापडाचा वाद वाटतो. पण गाडीचा जुनेपणा, बसणाऱ्यांचा जीव आणि घरच्यांच्या आठवणी या तिन्ही गोष्टी त्यात गुंतलेल्या असतात. तिन्ही सांभाळता येतात, फक्त कामाचा क्रम चुकता कामा नये.

कागद आधी, कापड नंतर

‘फियाट ११००’ ही गाडी इटलीत १९५३ साली नव्या रूपात आली आणि लवकरच मुंबईत, कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होऊ लागली. हा उद्योग उभा करणारे वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. तिच्या पहिल्या गुबगुबीत अवताराला लोकांनी प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हटले. १९६४ साली ‘डिलाइट’ आली. पुढे सत्तरच्या दशकात तिचेच नाव आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ झाले. मुंबईच्या रस्त्यावरून काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, तेव्हा अनेकांना घरातले माणूस गेल्यासारखे वाटले.

अशा गाडीवर पैसे घालण्यापूर्वी तिची कागदपत्रे पाहावीत. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या खासगी दुचाकी-चारचाकींना त्याखाली नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे आणि पुनर्नोंदणीचे शुल्क ५ हजार रुपये. नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. रविवारी सहकुटुंब फिरायचे असेल तर नेहमीच्या नोंदणीचे नूतनीकरण करणे हा मार्ग उरतो. दोन्हींपैकी काय हवे, हे घरात आधी ठरवावे आणि आरटीओत विचारून घ्यावे. दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांवर वेगळे निर्बंध आहेत. तिथल्या वाचकांनी तर ही चौकशी सर्वांत आधी करावी.

व्हिंटेज नोंदणीची मोठी अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत बदल केलेला नको. फियाटच्या बाबतीत ही अट विशेष महत्त्वाची आहे, कारण या गाडीला जीपसारखी वेगळी चॅसी नाही. पत्र्याचे अंग हाच तिचा कणा. म्हणजे नवी सीट बसवायला आतला पत्रा कापला, तर नियमाचा प्रश्न येतोच, शिवाय गाडीची ताकदही कमी होते. म्हणून सोपा नियम लक्षात ठेवावा: उद्या स्क्रू काढून पूर्ववत करता येईल तेवढाच बदल करावा, पत्र्याला करवत लावू नये.

रिकामी करताना

आतले सामान काढण्यापूर्वी मोबाइलवर भरपूर फोटो काढावेत. प्रत्येक दाराचे स्क्रू, क्लिपा, काचेचे हँडल वेगळ्या पिशवीत घालून वर चिठ्ठी चिकटवावी. ‘पुढचा डावा दरवाजा’ एवढे लिहिलेले असले तरी सहा महिन्यांनी ती चिठ्ठी सोन्याच्या मोलाची ठरते.

जुने फाटके कव्हर फेकू नये. शिंपी मापाचा जुना ब्लाउज मागतो ना, तसेच हे. कव्हरची शिवण हळूच उसवून प्रत्येक तुकडा सपाट केला, की नव्या कापडासाठी आयते नमुने मिळतात. कागदावर ते उतरवून घ्यावेत, बाणाने पुढची बाजू दाखवावी आणि मगच जुने कापड बाजूला ठेवावे.

याच वेळी बाकाच्या फटीतून घराचा इतिहास बाहेर येतो. केसांची पिन, पाच पैशांचे नाणे, एस्टीचे तिकीट, एखाद्या बाळाचा हरवलेला वाळा. मुलांना या कामात घ्यायचे असेल तर हा दिवस निवडावा.

पत्रा आणि पाणी

खालचा रबरी मॅट आणि त्याखालचे नमद्याचे अस्तर उचलले, की खरी अवस्था कळते. गाडी आतून सडते ती बहुधा या अस्तरामुळे. पुढच्या काचेच्या बीडिंगमधून पाणी झिरपते, अस्तर ते महिनोन् महिने धरून ठेवते आणि खालचा पत्रा गंजतो. वरून मात्र सगळे कोरडे दिसते.

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकून पाहावा. टणक आवाज आला तर ठीक. भसका आवाज आला किंवा टोक आत शिरले, तर तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने जोडून घ्यावा लागतो. हा मूळ पत्र्याच्या जागी तसाच पत्रा बसवण्याचा प्रकार आहे, रूप बदलण्याचा नाही. तरीही जाणत्या कारागिराकडूनच तो करून घ्यावा. भोकावर लांबी भरून वर रंग मारण्याचा मोह टाळावा. लांबीवर माणसाचे वजन पेलत नाही आणि सीटचे बोल्ट याच पत्र्यात बसायचे असतात. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवावी, पेट्रोलची टाकी उतरवून दूर न्यावी. ‘दोन मिनिटांचे काम आहे’ म्हणणाऱ्या कारागिराचेही या बाबतीत ऐकू नये.

पत्रा नीट झाल्यावर प्रायमर आणि रंग. मग गाडीत वर्तमानपत्रे अंथरून बाहेरून नळीने पाणी मारावे. कागद जिथे ओला झाला, तिथली बीडिंग बदलावी. दरवाज्यांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात, ती रंगाने किंवा मातीने बुजलेली नाहीत ना, हेही पाहावे. या परीक्षेत पास झाल्याखेरीज एक इंचही कापड लावू नये.

आवाज आणि उष्णता कमी करायला डांबरी शीटचे तुकडे पत्र्यावर चिकटवतात. सगळा पत्रा मढवण्याची गरज नसते. मोठ्या सपाट भागांच्या मध्यावर तुकडे लावले तरी पत्र्याची थरथर बरीच कमी होते. त्यावर पाणी न शोषणारा फोम अंथरावा. गादीचा साधा स्पंज इथे वापरला, तर जुन्या अस्तराचीच गोष्ट पुन्हा घडते.

तारांचे जाळे

गालिचा आणि छत बसल्यावर तारा दिसत नाहीत, म्हणून त्यांचे काम त्याआधी उरकावे. पन्नास-साठ वर्षांच्या तारेचे आवरण हाताने वाकवले तरी तडकते. अशी तार पत्र्याला घासली, की ठिणगी आणि तिच्या शेजारी काथ्या, फोम, रेक्झिन. जुन्या गाड्यांना आग लागण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. तार पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी बूच हवे. सांधा नुसता पिळून टेप गुंडाळलेला नको. आणि प्रत्येक नव्या जोडणीला स्वतंत्र फ्यूज हवा, मग तो मोबाइल चार्जर असो की छोटा पंखा.

आणखी एक हिशेब. ५५ वॉटचे दोन हेडलाइट १२ व्होल्टवर साधारण ९ अँपिअर प्रवाह घेतात. जुन्या फियाटमध्ये आजच्यासारखा आल्टरनेटर नसून डायनमो असतो आणि गाडी सिग्नलला उभी असताना तो फारशी वीज देत नाही. त्यात स्टिरिओ, अँप्लिफायर आणि रंगीत दिवे जोडले, तर रात्री घरी येताना बॅटरी धाप टाकते. गाणी ऐकायचीच असतील तर सीटखाली ठेवता येईल असा छोटा स्पीकर पुरे. त्यासाठी दरवाजा कापायचे कारण नाही.

पत्र्याच्या डॅशबोर्डलाही नवी भोके पाडू नयेत. फियाटची ती आडवी स्पीडोमीटरची पट्टी आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर हीच तर तिची ओळख. स्टिअरिंगच्या चाकाला चिरा गेल्या असतील, तर त्यांत इपॉक्सी भरून, घासून रंग देता येतो. जुने हँडल, नॉब, क्लिपा यांसाठी मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एक चक्कर मारावी. जाताना जुना नग सोबत न्यावा; तोंडी वर्णनावर विसंबून आणलेली वस्तू हमखास दुसऱ्याच मॉडेलची निघते.

छत, दरवाजे आणि सीट

या कामात सर्वांत चिवट प्रकार छताच्या कापडाचा. ते छताला चिकटवलेले नसते. पोलादी काड्यांवर ते तंबूसारखे ताणलेले असते आणि त्याच्या कडा काचेच्या रबराखाली दडवलेल्या असतात. म्हणून छत आधी, काचा नंतर. काड्या काढताना त्यांना पुढून मागे असे क्रमांक द्यावेत, कारण त्यांची लांबी आणि बाक सारखा नसतो. नवे कापड तासभर उन्हात ठेवले की मऊ पडते. ताण देताना मध्यापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जावे. एकट्याने हे काम होत नाही. घरातले चार हात लागतातच.

दरवाज्यांच्या आतल्या पाट्या हार्डबोर्डच्या असतात आणि काचेवरून ओघळणाऱ्या पाण्याने फुगतात. नवी पाटी कापल्यावर तिच्या कडांना आणि मागल्या बाजूला वॉर्निशचे दोन हात द्यावेत. पाटी आणि दरवाजा यांच्या मध्ये प्लॅस्टिकचा जाड कागद लावायचा असतो. कारागीर तो हटकून विसरतात, आपण विसरू नये.

सीटचा सांगाडा शाबूत असेल तर तोच ठेवावा. गंज खरवडून रंग द्यावा, तुटलेल्या स्प्रिंगा बदलाव्यात, वर जाड तरट बांधावे, म्हणजे फोम स्प्रिंगांत रुतून फाटत नाही. बसण्याच्या भागाला घट्ट, म्हणजे चाळीसच्या आसपास घनतेचा फोम, पाठीला त्याहून मऊ. इथे बहुतेकांची एक चूक होते. ‘जरा जास्त गुबगुबीत करा’ असे कुशनवाल्याला सांगितले जाते. सीट दोन इंचांनी वर येते. चालवणाऱ्याचे डोके छताला लागते, गुडघे स्टिअरिंगला अडतात आणि पाय पेडलवर नीट पोचत नाही. जुन्या सीटची जमिनीपासूनची उंची सुरुवातीलाच मोजून लिहून ठेवावी आणि माणूस बसल्यावर नवी सीट तितकीच भरेल, हे पाहावे.

कापड निवडताना दिसण्याआधी हवामानाचा विचार करावा. रेक्झिन स्वस्त, पुसायला सोपे. पण विदर्भातल्या मे महिन्यात त्यावर बसणे म्हणजे तव्यावर बसणे. सुती कापड थंड, पण लवकर मळते. दोन्हींचा मेळ घालता येतो. कडेला आणि मागे रेक्झिन, पाठ टेकते आणि बसतो तिथे जाड विणीचे कापड. वर सोलापुरी चादरीचे काढता-घालता येणारे कव्हर केले, तर धुण्याचाही प्रश्न सुटतो आणि गाडीला आपल्या मातीचा रंगही मिळतो. मोटारीसाठी बनवलेल्या कापडाला आग पटकन पकडू नये म्हणून आयएस १५०६१ हे भारतीय मानक आहे. खरेदी करताना दुकानदाराला त्याबद्दल विचारावे. पडद्याचे झुळझुळीत नायलॉन गाडीत नको.

घरच्या शिलाई मशीनवर कव्हरचे बरेच काम होते. अठरा नंबरची सुई आणि जाड पॉलिस्टर धागा घ्यावा. सुती धागा उन्हाने कुजतो. मात्र पायपिंगच्या जागी रेक्झिनचे चार-चार थर येतात, तिथे घरची मशीन दम तोडते. तेवढा भाग कुशनवाल्याकडून शिवून घ्यावा. चिकटवण्याचे सोल्युशन नेहमी अंगणात, मोकळ्या हवेत वापरावे. त्याची वाफ चटकन पेट घेते आणि डोकेही भणाणते. देवघरातला दिवा, स्वयंपाकघरातला गॅस आणि लहान मुले यांच्यापासून तो डबा लांबच बरा.

पट्ट्याचा प्रश्न

आता पुन्हा त्या घरातल्या वादाकडे येऊ. नातवाच्या वेगळ्या सीट, सूनबाईंची काळजी आणि आजींचा बाक.

वेगळ्या सीट बसवायच्या तर जुन्या पट्ट्या काढून पत्र्याला नवे आधार वेल्ड करावे लागतात. म्हणजे मूळ अंगात बदल आला. शिवाय आजच्या गाडीची सीट तिच्या स्वतःच्या पत्र्याच्या हिशेबाने बनलेली असते. ती दुसऱ्या गाडीत नुसती बोल्टने आवळली म्हणून तितकीच सुरक्षित होत नाही. इथे आजींचे पारडे जड होते. बाकच ठेवायचा.

पण सूनबाईंचा प्रश्न तरीही उरतो. साठ-सत्तरच्या दशकात या गाड्या सीटबेल्टशिवायच निघत. डॅशबोर्ड पत्र्याचा, स्टिअरिंगचा दांडा सरळ छातीवर रोखलेला. अशा गाडीत बेल्ट लावता येतो का? येतो, पण बाजारातून पट्टा आणून जमिनीच्या पातळ पत्र्यात बोल्ट मारला, तर धक्क्याच्या वेळी बोल्ट पत्र्यासह उपटून येतो. पट्टा आहे म्हणून माणूस निर्धास्त असतो आणि नेमका तोच दगा देतो. पत्र्याच्या खालून जाड पोलादी प्लेट देऊन, आजूबाजूचा पत्रा निकोप असल्याची खात्री करून, अनुभवी वर्कशॉपकडूनच हे काम करून घ्यावे. मुळात कुठलाही बदल करण्याआधी आरटीओचा सल्ला घेतलेला बरा.

एवढे करूनही ही गाडी आजच्या गाडीइतकी सुरक्षित होत नाही, हे घरातल्या सगळ्यांनी मोकळेपणाने मान्य करावे. मग नियम आपोआप सुचतात. हमरस्त्यावर जायचे नाही. रात्री नाही, पावसात नाही. मुले मागच्या सीटवर. पुढे कुणाच्याही मांडीवर बाळ घ्यायचे नाही, मग ते कितीही रडो. डुक्कर फियाटसारख्या जुन्या मॉडेलचे पुढचे दरवाजे उलटे उघडतात. तिथे कुलूप पक्के आहे ना, हे निघण्यापूर्वी दर वेळी पाहायचे. आणि गाडीत अग्निशामक हाताशी ठेवायचा, डिकीत नव्हे.

सूनबाई म्हणतात, ‘असे असेल तर माझी हरकत नाही. पण नियम आजींनाही लागू.’ नातू हसतो. त्याला सीटचा रंग ठरवण्याचा मान मिळालेला असतो आणि तडजोड म्हणून तेवढे त्याला पुरते.

आजींची जागा

काम संपायला धरलेल्या मुदतीच्या दुप्पट वेळ लागतो. हे सगळ्याच घरांत होते, त्याचे वाईट वाटून घेऊ नये. शेवटी एका रविवारी सकाळी गाडी अंगणातून बाहेर निघते. नव्या रेक्झिनचा वास, छताचे पांढरेशुभ्र कापड, सीटवर मरून रंगाची सोलापुरी चादर.

आजी दाराशी येतात. आधी सीटवर टेकायचे, मग एकेक पाय आत घ्यायचा, ही सवय पन्नास वर्षांची. उंची तीच ठेवलेली असल्यामुळे गुडघे कुरकुरत नाहीत. हात आपसूक दाराच्या हँडलकडे जातो आणि हँडल जिथे असायला हवे तिथेच असते. नातू कमरेचा पट्टा लावून देतो. त्या म्हणतात, ‘तुझ्या आजोबांनी असे काही बांधले नव्हते हो मला.’ आणि मग जरा थांबून, ‘बांधायला हवे होते. खंडाळ्याच्या घाटात एकदा कसला ब्रेक मारला होता त्यांनी.’

गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी तीसच्या वेगाने, गावातल्या देवळापर्यंत जाते आणि परत येते. तेवढाच तिचा पल्ला असतो. परत आल्यावर काचा थोड्या खाली ठेवायच्या, सीटखाली डांबरगोळ्यांची पुरचुंडी टाकायची, उंदरांसाठी बोनेटमध्ये एकदा डोकवायचे आणि ताडपत्रीऐवजी सुती कव्हर घालायचे, म्हणजे आतली वाफ कोंडत नाही.

येत्या दिवाळीला भंगाराचा विषय निघत नाही. निघतो तो एवढाच, की पाडव्याला गाडीची पूजा किती वाजता करायची आणि त्यानंतर पुढच्या बाकावर, आजींच्या शेजारी, कुणी बसायचे.